मृगातला तेजोमेघ आणि नायगमवालांची दुर्बीण

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री निफाडचे नाव हवामानाच्या बातम्यांत हमखास झळकते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदले जाणारे किमान तापमान अनेकदा राज्यातील नीचांकी ठरते. द्राक्षबागायतदार घडांना थंडीचा फटका बसू नये म्हणून बागांमध्ये शेकोट्या पेटवतात आणि पहाटेपर्यंत जागे राहतात. पिकाला जाचणारी ही थंडी आकाशनिरीक्षकाला मात्र हवीहवीशी वाटते. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास मृग नक्षत्र माथ्याकडे सरकलेले असते. व्याधाने मारलेला बाण म्हणून आपण ज्या तीन ताऱ्यांकडे बोट दाखवतो, त्यांच्या जरा खाली धुरकट प्रकाशाचा एक ठिपका दिसतो. तोच मृगातला तेजोमेघ. घराच्या अंगणात किंवा गच्चीवर सात-आठ इंची दुर्बीण रोवून, तिला कॅमेरा जोडून दूरच्या आकाशाची छायाचित्रे काढणारे हौशी निरीक्षक आज गावोगाव दिसतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे पहिले छायाचित्र याच तेजोमेघाचे असते.

या मंडळींच्या पेटीत एक छोटीशी काचेची चकती असते. तेजोमेघातून येणाऱ्या प्रकाशापैकी विशिष्ट हिरवट रंगाचा तेवढा प्रकाश ती आत सोडते आणि बाकीचा अडवते. ऑक्सिजनचा फिल्टर या नावाने ती बाजारात मिळते. हा हिरवट प्रकाश नेमका कशाचा, यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील ज्योतिर्विदांमध्ये मोठा वाद झाला होता. त्या वादात पुण्यातल्या एका पारशी प्राध्यापकाने आपल्या दुर्बिणीच्या जोरावर ठाम साक्ष दिली होती, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही. कावसजी दादाभाई नायगमवाला हे त्यांचे नाव. आधुनिक भारतातील खगोलभौतिकीचा आरंभ ज्यांच्यापासून मोजला जातो, त्यांपैकी ते एक होत.

नायगमवालांचा जन्म १८५७ सालचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे याच संस्थेचे आधीच्या पिढीतील विद्यार्थी. पाश्चात्त्य विद्या आत्मसात करून ती आपल्या समाजाच्या कामी लावावी, ही आकांक्षा त्या वातावरणातच होती. रानड्यांनी ती इतिहास, अर्थकारण आणि समाजसुधारणेकडे वळवली. नायगमवालांनी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राची वाट धरली. १८७८ साली ते सुवर्णपदकासह एम.ए. झाले आणि १८८२ पर्यंत त्याच महाविद्यालयात प्रायोगिक भौतिकीचे अध्यापक म्हणून रुजू झाले होते.

ते वर्ष त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी महाविद्यालयाला भेट दिली आणि विज्ञानाच्या कामासाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. त्या काळात दहा हजार रुपये ही मोठी रक्कम होती. आरंभी विचार होता तो प्रकाशाच्या वर्णपटाचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा उभारण्याचा. १८८४ साली नायगमवाला इंग्लंडला गेले. तेथे राजज्योतिषी विल्यम ख्रिस्ती आणि सूर्याच्या वर्णपटाचे प्रख्यात अभ्यासक नॉर्मन लॉकियर यांच्याशी त्यांची सल्लामसलत झाली. हा पैसा प्रयोगशाळेतील ज्योतींपेक्षा आकाशातील ज्योतींसाठी वापरावा, असे ठरले. प्रयोगशाळेची योजना अशा रीतीने वेधशाळेची योजना झाली.

या निर्णयाचे महत्त्व समजण्यासाठी तो काळ पाहायला हवा. ज्योतिषशास्त्राचे जुने काम ग्रहताऱ्यांची स्थाने मोजण्याचे होते. भारतात मद्रासच्या सरकारी वेधशाळेत ते चालत असे. पंचांग, नौकानयन आणि भूमापन यांच्याशी या कामाची सांगड होती, म्हणून सरकारलाही त्याचा उपयोग होता. तारा कशाचा बनलेला आहे, हा प्रश्न मात्र फार काळ अशक्यप्राय समजला जाई. वर्णपटदर्शकाने तो शक्य केला. लोलकातून प्रकाश पसरवला की त्यातल्या रेषांवरून मूलद्रव्ये ओळखता येतात, हे १८६० च्या सुमारास सिद्ध झाले. १८६४ साली लंडनच्या एका उपनगरात, स्वतःच्या घरालगत बांधलेल्या खासगी वेधशाळेत विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश असा पसरवून पाहिला. ताऱ्यांच्या वर्णपटात दिसतो तसा अखंड पट्टा त्यांना दिसला नाही. दिसल्या त्या मोजक्याच तेजस्वी रेषा. असा वर्णपट विरळ, तप्त वायूचा असतो. काही तेजोमेघ म्हणजे दूर असल्यामुळे एकमेकांत मिसळून गेलेले तारे नसून खरोखरच वायूचे ढग आहेत, हे त्यावरून कळले. पुढे मृगातल्या तेजोमेघाचीही तीच कथा निघाली.

त्याच सुमारास छायाचित्रणाने या शास्त्रात प्रवेश केला. पूर्वीची ओली काच काही मिनिटांतच वाळत असे, त्यामुळे मंद प्रकाश टिपणे जवळपास अशक्य होते. कोरडी जिलेटिन काच आली आणि तासन् तास प्रकाश साठवण्याची सोय झाली. ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळील आपल्या वेधशाळेतून हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. त्यासाठी काच सुमारे पन्नास मिनिटे उघडी ठेवावी लागली. १८८३ च्या जानेवारीत लंडनजवळच्या ईलिंग येथे अँड्र्यू कॉमन या अभियंत्याने घराच्या मागील बागेत उभारलेल्या छत्तीस इंची दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचे इतके सुरेख चित्र घेतले, की डोळ्याला न दिसणारे तारे त्यात उमटले. आयझॅक रॉबर्ट्स यांचा व्यवसाय बांधकामाचा. त्यांनी डब्लिनच्या ग्रब कारखान्याकडून वीस इंची आरशाची दुर्बीण करवून घेतली आणि १८८८ च्या डिसेंबरात देवयानीतील तेजोमेघाचे चित्र घेऊन त्याचे सर्पिल वळसे जगासमोर आणले. हा तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी दीर्घिका आहे, हे कळायला अजून तीन-साडेतीन दशके जायची होती. ड्रेपर, कॉमन, रॉबर्ट्स किंवा हगिन्स यांपैकी कोणीही सरकारी ज्योतिषी नव्हता. घराच्या आवारातल्या दुर्बिणींनी या काळात मोठमोठ्या सरकारी वेधशाळांना मागे टाकले होते.

पुण्याची वेधशाळा या पार्श्वभूमीवर आकाराला आली. १८८५ साली नायगमवालांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची ही पूर्वसंस्था. त्यांच्याबरोबर वेधशाळेची योजनाही पुण्याला आली. मुंबईच्या दमट, समुद्रकाठच्या हवेपेक्षा दख्खनच्या पठारावरची हवा या कामाला अधिक सोयीची होती. १८८८ साली बांधकाम पुरे झाले आणि देणगीदार महाराजांवरून वेधशाळेला महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा असे नाव देण्यात आले. तिचे मुख्य साधन म्हणजे ग्रबच्याच कारखान्यातून आलेली परावर्ती दुर्बीण. वीस इंची आरशाची ही दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती, आणि पुढे कित्येक दशके तिचा हा मान टिकला.

अशी दुर्बीण चालवणे हे कष्टाचे काम असते. तिचा आरसा काचेचा आणि त्यावर चांदीचा पातळ मुलामा. दमट हवेत चांदी काळवंडते, आणि पुण्यात जूनपासून चार महिने ढगांचेच राज्य. पृथ्वी फिरते तसे तारे पश्चिमेला सरकतात, म्हणून दुर्बिणीलाही घड्याळाच्या यंत्राने त्याच गतीने फिरवावे लागते. यंत्रात किंचित दोष राहिला की तारा वर्णपटदर्शकाच्या फटीतून निसटतो. आजच्या हौशी छायाचित्रकाराची ही सगळी उठाठेव छोटी मोटर आणि संगणक सांभाळतात. तरीही ध्रुवताऱ्याशी आस जुळवताना त्याची जी तारांबळ उडते, तिच्यावरून पुण्यातल्या त्या रात्रींची कल्पना यावी. दिवसा अध्यापन आणि रात्री वेध, असा नायगमवालांचा क्रम होता. मदतीला हाताशी मोठा कर्मचारीवर्ग नव्हता.

अशा परिस्थितीत त्यांनी हाती घेतलेला प्रश्न लहान नव्हता. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात सर्वांत ठळक दिसणारी हिरवट रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. हगिन्स यांना ती एखाद्या अज्ञात वायूची वाटे. पुढे त्या कल्पित द्रव्याला नेब्युलियम असे नावही पडले. लॉकियर यांचे मत निराळे होते. विश्वातील तारे आणि तेजोमेघ हे सगळे उल्कांच्या थव्यांपासून झाले, असा एक व्यापक सिद्धान्त त्यांनी १८८७ पासून मांडला होता. उल्का एकमेकींवर आदळून तापल्या की त्यांच्यातील मॅग्नेशियम प्रकाशू लागते आणि तेजोमेघाची मुख्य हिरवी रेषा ही त्या मॅग्नेशियमचीच खूण आहे, असे ते म्हणत. हा दावा खरा ठरला असता, तर उल्कासिद्धान्ताला मोठा आधार मिळाला असता.

तपासण्याचा एक मार्ग होता. मॅग्नेशियम जळताना वर्णपटाच्या त्या भागात एकेरी रेषा उमटत नाही. एका बाजूला तीक्ष्ण कड असलेला आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू विरत जाणारा पट्टा उमटतो. तेजोमेघाची रेषा ही त्याच पट्ट्याची उरलेली कड असेल, तर ती एका बाजूने ठसठशीत आणि दुसऱ्या बाजूने पुसट दिसायला हवी. तशी ती दिसते, असे लॉकियर यांचे म्हणणे होते. नायगमवालांनी पुण्याच्या दुर्बिणीला प्रभावी वर्णपटदर्शक जोडून मृगातला तेजोमेघ तपासला. त्यांना ती रेषा दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव दिसली. निरीक्षणाची परिस्थिती बदलून पाहिली तरी तिचे रूप पालटले नाही, आणि विरत जाणाऱ्या पट्ट्याचा मागमूसही आढळला नाही. आपला निष्कर्ष त्यांनी १८९१ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

या कृतीमागचे धैर्य आज सहज ध्यानात येत नाही. लॉकियर हे त्या काळातील इंग्लंडच्या विज्ञानजगतातील बडे प्रस्थ होते. सूर्याच्या वर्णपटात हेलियमची रेषा ओळखणारे म्हणून त्यांची ख्याती होती आणि नेचर या साप्ताहिकाचे ते संस्थापक-संपादक होते. पुण्याची वेधशाळा ज्यांच्या सल्ल्याने उभी राहिली, त्यांत त्यांचे नाव होते. नायगमवाला हे वसाहतीतल्या एका महाविद्यालयातील अध्यापक. वेधशाळेला वयाची जेमतेम तीन वर्षे झालेली आणि तिचे पुढचे भवितव्य सरकारच्या मर्जीवर अवलंबून. अशा वेळी सल्लागाराच्या आवडत्या सिद्धान्ताला छेद देणारा पुरावा जसा दिसला तसा छापणे सोपे नव्हते. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी त्याच सुमारास केलेली अचूक मोजमापेही लॉकियर यांच्या विरुद्ध गेली. मॅग्नेशियमचा दावा मागे पडला.

हिरव्या रेषेचे कोडे सुटायला मात्र १९२७ साल उजाडावे लागले. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवून दिले, की ती रेषा आपल्या परिचयाच्या ऑक्सिजनचीच आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनचा अणू अत्यंत विरळ जागी हा प्रकाश देतो. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तेवढी विरळता साधत नाही. अणू एकमेकांवर आदळत राहतात आणि तो प्रकाश बाहेर पडण्याआधीच त्यांची ऊर्जा निघून जाते. म्हणून ही रेषा कोणाला ओळखता येत नव्हती. नेब्युलियम नावाचे द्रव्य अस्तित्वातच नव्हते. हे उत्तर आले तेव्हा नायगमवाला सत्तरीत होते. निफाडच्या अंगणातील कॅमेऱ्यापुढे बसवली जाणारी ती चकती आज नेमकी हीच रेषा निवडून घेते.

मृग नक्षत्राकडे त्या काळात पुण्यातल्या आणखी एका विद्वानाचे लक्ष लागले होते, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. लोकमान्य टिळकांचा ओरायन हा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला. वसंतसंपात मृगशीर्षात होता त्या काळातील उल्लेखांवरून वेदांची प्राचीनता ठरवण्याचा प्रयत्न त्यात आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली पुण्यातच प्रकाशित झाला. एकाच शहरात, पाच-सहा वर्षांच्या अवधीत, कोणी आकाशावरून भूतकाळ मोजत होते, कोणी पूर्वजांच्या गणिताचा हिशेब मांडत होते आणि कोणी त्याच नक्षत्रातील वायूचा प्रकाश लोलकातून पसरवून पाहत होते. पहिल्या दोन कामांची आठवण मराठी समाजाने जपली. तिसऱ्याची पुरेशी जपली नाही.

नायगमवालांच्या आयुष्यातील दुसरा मोठा प्रसंग २२ जानेवारी १८९८ चा. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यापासून महाराष्ट्र ओलांडून ईशान्येकडे जाणार होता. पुणे त्या पट्ट्याच्या बाहेर होते. नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर हे रेल्वेमार्गावरचे ठिकाण निवडले. तेथेच लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल आपले पथक घेऊन आले. जपानी ज्योतिर्विदांनीही जेऊरलाच तळ दिला. एका आडगावाच्या माळावर तीन देशांतील खगोलशास्त्राचे प्रतिनिधी शेजारी शेजारी तंबू ठोकून बसले होते. वऱ्हाडात तळणी येथे ब्रिटिश हौशी ज्योतिर्विदांचे पथक होते. त्यातील अ‍ॅनी माँडर यांनी छोट्याशा कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाची लाखो मैल पसरलेली प्रकाशशलाका टिपली. कोकणात विजयदुर्गच्या किल्ल्यावर लॉकियर स्वतः नौदलाच्या खलाशांना हाताशी धरून सज्ज होते. तेथील साहेबाचा कट्टा त्याच मोहिमेची आठवण सांगतो. हेलियमचा शोध विजयदुर्गला लागला, ही मात्र दंतकथा होय. तो शोध १८६८ चा आणि त्या वर्षी लॉकियर यांनी आपली निरीक्षणे इंग्लंडमधून केली होती.

या मोहिमेचा काळ फार बिकट होता. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. आदल्या जून महिन्यात रँडवर गोळी झाडली गेली होती. शहर ओस पडत होते, प्रवासावर निर्बंध होते आणि रेल्वे स्थानकांवर तपासणी चाले. अशा दिवसांत पेट्याच्या पेट्या भरून नाजूक काचा, आरसे आणि कॅमेरे हलवणे, माळावर पक्के चौथरे बांधणे आणि महिनोन् महिने तालीम करणे हे धाडसाचेच काम. आणि हे सगळे कशासाठी, तर जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी. एखाद्या ढगाने किंवा एखाद्या सहायकाच्या गोंधळाने सारा खटाटोप मातीमोल झाला असता.

त्या दिवशी आकाश स्वच्छ राहिले. नायगमवालांच्या पथकाने लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी छायाचित्रे घेतली. सूर्य पूर्ण झाकला जाण्याच्या क्षणी त्याच्या कडेवरचा पातळ थर काही सेकंदच उजळून दिसतो आणि नेहमीच्या काळ्या रेषांच्या जागी तेजस्वी रेषा लखलखतात. हा क्षणिक वर्णपट काचेवर पकडणे हे त्या ग्रहणातील प्रमुख उद्दिष्टांपैकी एक होते. नायगमवालांना ते साधले. प्रभामंडळाची छायाचित्रेही मिळाली. मोजमापे आणि विश्लेषणाला काही वर्षे लागली, आणि १९०२ साली जेऊरच्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून मुंबईहून प्रसिद्ध झाला.

तो पहिला खंड होता. प्रकाशनमालेला जी भरभराट यायला हवी होती, ती मात्र आली नाही. याचे कारण वेधशाळेच्या रचनेतच दडलेले होते. तिला स्वतःची भक्कम आर्थिक तरतूद नव्हती. ती एका व्यक्तीच्या विद्येवर आणि चिकाटीवर उभी होती. त्याच काळात सरकारने सूर्याच्या अभ्यासासाठी दक्षिणेत कोडाईकनाल येथे नवी वेधशाळा उभारली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे काम सुरू झाले, आणि सरकारचे लक्ष व पैसा तिकडे वळला. पुण्यात नायगमवालांच्या हाताखाली त्यांची जागा घेऊ शकेल असा वारस तयार झाला नाही. यात काही दोष त्यांच्याकडेही जाऊ शकतो. परंतु ज्या व्यवस्थेत दुसरे पदच निर्माण झाले नाही, तेथे एकट्या प्राध्यापकाने परंपरा घडवावी अशी अपेक्षा करणे कितपत योग्य, हाही प्रश्न उरतोच.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही संपली. सरकारने ती बंद केली आणि तिची साधने कोडाईकनालला हलवली. देशातील सर्वांत मोठी दुर्बीण पुण्याहून उतरवून, पेट्यांत भरून, दक्षिणेच्या डोंगरावर गेली. कोडाईकनालचे काम सूर्याचे होते. ताऱ्यांसाठी घडवलेल्या या दुर्बिणीचा तेथे दीर्घकाळ म्हणावा तसा उपयोग झाला नाही. पुढे भावनगर दुर्बीण या नावाने ती ओळखली जाऊ लागली. १९८० च्या दशकात ती लडाखमध्ये लेहच्या परिसरात नेण्यात आली आणि उंचावरचे आकाश वेधशाळेसाठी कितपत चांगले आहे, हे तपासण्याच्या कामी आली. लडाखमध्येच हानले येथे आज दोन मीटर आरशाची भारतीय दुर्बीण उभी आहे.

निवृत्तीनंतर नायगमवाला आणखी सव्वीस वर्षे जगले. या काळात खगोलशास्त्राचा चेहरामोहरा बदलून गेला. देवयानीचा तेजोमेघ ही स्वतंत्र दीर्घिका ठरली आणि विश्व प्रसरण पावते हे उमगले. हिरव्या रेषेचे रहस्यही उलगडले. १९२० साली मेघनाद साहा यांनी ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लावणारे समीकरण मांडून भारतीय खगोलभौतिकीला जगाच्या नकाशावर नेले. ज्या शास्त्राची पहिली वेधशाळा नायगमवालांनी या देशात उभारली होती, ते त्यांच्या डोळ्यांदेखत असे बहरत गेले. पुण्यातल्या घुमटात मात्र दुर्बीण नव्हती. १९३८ साली त्यांचे निधन झाले.

नंतरच्या घडामोडी आशा वाढवणाऱ्या आहेत. १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी निरीक्षकांना हक्काचे ठिकाण मिळाले. तख्तसिंहजी वेधशाळा पुरी झाल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठ संस्था उभी राहिली. गिरवली येथे २००६ साली आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण कार्यान्वित झाली. नायगमवालांची दुर्बीण गेल्यापासून या घटनेपर्यंत चौऱ्याण्णव वर्षे लोटली होती.

आजच्या अंगणातल्या दुर्बिणीला नायगमवालांच्या दुर्बिणीपेक्षा आरसा लहान असतो. पण तिच्या मागचा कॅमेरा त्या काळच्या काचेपेक्षा कितीतरी संवेदनशील आहे. दोन-तीन मिनिटांची शेकडो छायाचित्रे संगणकावर एकमेकांवर रचली, की सुमारे साडेतेराशे प्रकाशवर्षे दूर असलेल्या तेजोमेघाचे पंख उलगडू लागतात. ड्रेपर यांना पन्नास मिनिटांत जे उमटवता आले, त्याहून अधिक आज एखादा शाळकरी मुलगा काही सेकंदांत उमटवतो. मात्र साधने स्वस्त झाली तरी एक गोष्ट बदललेली नाही. रात्र जागून पाहिलेले जसे दिसले तसे नोंदवणे, मग ते कोणाच्या सिद्धान्ताला सोयीचे असो वा नसो, हे काम आजही माणसालाच करावे लागते. नायगमवालांनी १८९१ साली तेच केले.

निफाडच्या थंडीत द्राक्षबागेच्या बांधावर दुर्बीण लावणाऱ्याने पहाटेपूर्वी कॅमेऱ्यापुढची ती हिरवी चकती काढून ठेवताना एवढे जरूर आठवावे. या प्रकाशाची खरी ओळख पटण्याच्या छत्तीस वर्षे आधी, तो मॅग्नेशियमचा नाही हे पुण्यातून सांगितले गेले होते.